एटनावर स्की केलं ते सोडा, आधी उत्पन्नाच्या दाखल्याचं ऐका

गावात सगळे विचारतात लाव्हा पाह्यला काय. सेतू केंद्रात 'सर्व्हर डाऊन' किती वेळा पाह्यलं ते कोणी विचारत नाही.

पुण्याचा मावसभाऊ अन् त्याचे मित्र इटलीतल्या सिसिली बेटावर, एटना नावाच्या जागत्या ज्वालामुखीवर, बरफात स्की करायला निघाले होते, गुलमर्गला स्कीचा कोर्स आम्ही सोबतच केलेला म्हणून मीही हो म्हटलं. त्यांचे व्हिसाचे कागद एका संध्याकाळी जमले, सॅलरी स्लिप, ऑफिसचं रजेचं पत्र. मी शेतकरी, मला रजेचं पत्र काय बैल देणार? यादीत इन्कम टॅक्स रिटर्न होतं, आता शेतीच्या उत्पन्नाला आयकरच नाही त आम्ही ते कधी भरलंच नाही, अन् कापूस दरवर्षी गावात येणाऱ्या खेडा खरेदीवाल्या व्यापाऱ्याला नगद विकतो म्हणून खातंही रिकामं दिसे. एजंट म्हणाला सातबारा, आठ-अ अन् उत्पन्नाचा दाखला आणा.

इथं सव्वा महिना गेला. दाखल्याला तलाठ्याचा अहवाल लागतो, अन् आमच्या तलाठ्याकडे तीन गावांचा चार्ज, आज इकडे त उद्या तिकडे, कधी पंचनामे, कधी निवडणुकीचं काम. चौथ्या चकरेत भेटले. मी 18 एकराचं कापूस-तुरीचं खरं उत्पन्न सांगितलं त त्यांनी पेनच खाली ठेवला. "काऊन भाऊ, सारे लोकं कमी लिहून मागतात, तू जास्त मागून राह्यला?" मी म्हटलं साहेब, इटलीले जायचं हाय, बरफावर. "मंग त कमीच बरं, उद्या एखादी योजना आली त कामी येईन." अन् खरंच कमी लिहिलं! दाखला हातात आला त वर्षाचे 48 हजार, म्हणजे त्या कागदाप्रमाणं माझं विमानाचं तिकीटच निघत नव्हतं. पुन्हा अर्ज, पुन्हा स्वयंघोषणापत्र, मग सर्व्हर डाऊन, मग साहेब मीटिंगला. वावरात कापूस फुटून लोंबत होता, वेचायला बाया मिळत नव्हत्या, अन् मी तहसीलच्या बाकड्यावर. बाबा रोज विचारायचे, "झालं काय रे तुह्या बरफाचं?" शेवटी जिनिंगची काटापट्टी अन् जुन्या पावत्या नेऊन टेबलावर ठेवल्या तेव्हा आकडा दुरुस्त झाला. म्हणून सांगतो, पावत्या फेकू नका, अन् जायचं ठरलं असेल त एक वर्ष तरी कापूस सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला द्या, पैसे सरळ खात्यात येतात.

मग मुंबईला बोटांचे ठसे, 90 युरो फी, अन् व्हिसा 12 दिवसांत. सातबारा इंग्रजीत करून नेला होता, काउंटरवरच्या पोरीनं तो उलटा धरून पाह्यला.

एटना म्हणाल त आम्ही दक्षिणेकडून, साधारण 1,900 मीटरवरून निघालो. स्कीच्या तळाला स्किनच्या पट्ट्या चिकटवायच्या म्हणजे चढताना मागं घसरत नाही. वर गंधकाचा वास, खाली निळा समुद्र. बर्फावर राखेचा थर आला की स्की एकदम जागीच थांबते, माणूस पुढं जातो, मी दोनदा तोंडावर पडलो. ती राख हातात घेतली त खरखरीत, काळी. आपली काळी माती पण 6 कोटींच्या वर वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या दगडाचीच ना. गाईडनं लाव्ह्याजवळच्या बर्फाकडे जाऊच दिलं नाही, गरम लाव्हा बर्फावर आला की वाफेचा स्फोट होतो, मार्च 2017 मध्ये असाच होऊन सुमारे 10 जण जखमी झाले होते. शेंड्याकडे किती वर जाता येईल ते त्या दिवशीच्या हालचालीवर ठरते, त्यामुळे शेंडा हमखास मिळेल असं धरून तिकीट काढू नका. आम्हाला मिळाला नाही. मावसभाऊ फुगून बसला होता, मला काहीच वाटलं नाही, मी इथवर पोचलो होतो.

हो, विम्याचं राह्यलं. शेंगेन व्हिसाला, म्हणजे इटलीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसाला, 30,000 युरोचं कव्हर लागतंच, पण साध्या पॉलिसीत बहुतेक वेळा गिर्यारोहण बसत नाही, बारीक अक्षरं वाचून घ्या. अन् माझ्या दाखल्यावर '31 मार्चपर्यंत वैध' छापलेलं आहे. पुढच्या हिवाळ्यात मावसभाऊ परत जाऊ म्हणतो, म्हणजे तलाठी साहेबांना आतापासूनच फोन लावतो.