तिसरी तार थाऱ्यावर आली

स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) धाटणीच्या इलेक्ट्रिक गिटारचं काम बरंच मार्गी लागलंय. तिसरी तार, म्हणजे जी, बेंड मारला (तार बोटाने बाजूला ताणून सूर चढवला) की नंतर उतरायची आणि दाबून वाजवली की चढायची. तक्रार एकाच तारेची, पण दुखणी दोन.

ग्रुपमध्ये सगळ्यांचं एकच: "भो, खुंट्या बदलून टाक." त्याआधी एवढं करून बघा. बेंड मारून सोडल्यावर सूर उतरला, की नट (दांड्याच्या टोकाची, तारा बसतात ती खाचांची पट्टी) आणि खुंटी यांच्या मधली तार बोटाने दाबून सोडा. सूर परत आला तर दोष नटचा. बेंडच्या वेळी पुढे सरकलेली तार खाचेत अडकते, मागे जात नाही. माझ्याकडे तेच होतं. ट्यून करताना 'टिंग' असा आवाजही यायचा.

जुन्या तारेच्या तुकड्याला ६०० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळला आणि खाचेच्या फक्त भिंती हलक्या हाताने घासल्या, खुंटीकडच्या उतारानेच. तळाला हात लावायचा नाही. खाच खोल गेली की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) खडखडते. वरून ६बी पेन्सिलचं शिसं. त्या संध्याकाळी मनसोक्त बेंड मारले, तार जागची हलली नाही. या एका कामाने जेवढा फरक पडला तेवढा कशानेच नाही.

आता चढण्याचं. नव्या तारा (जाडी १०-४६, इंचाच्या हजाराव्या भागांत), मग नेकचा, म्हणजे दांड्याचा बाक, मग ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची), आणि इंटोनेशन (दाबलेला सूर प्रत्येक फ्रेटवर बरोबर लागणं) सगळ्यात शेवटी. हा क्रम मोडू नका, आधीचं काही हललं की सॅडलची (ब्रिजवरच्या, तार टेकते त्या सरकत्या आधाराची) मेहनत वाया. बाक मोजायला गॅरेजवाल्या मित्राचा फिलर गेज (फट मोजायच्या पात्यांचा संच) आणला: पहिल्या फ्रेटला कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटच्या फ्रेटवर तार दाबलेली, आणि सातव्या-आठव्यापाशी ०.२५ मिमीची पाती जेमतेम सरकेल एवढी फट.

भुसावळचा उन्हाळा इथे आडवा येतो. पारा ४५ च्या आसपास, समोर कूलर. झोतात तारा गार होऊन सूर चढतो, वीज गेली की तापून उतरतो. म्हणून सेटिंग सकाळी, कूलर बंद ठेवून.

बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती शिवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ताडून पाहिला. दाबलेला चढा होता, म्हणून सॅडल मागे. उतरा असता तर पुढे. दर वेळी तार सैल करून स्क्रू फिरवायचा, पुन्हा सुरात लावून बघायचं. गिटार मांडीवर, वाजवताना धरतो तशीच. टेबलावर आडवी टाकून घेतलेलं माप फसवतं.

तरीही ई मेजर कॉर्डमधला, तिसऱ्या तारेवरचा जी शार्प किंचित चढाच वाटेल. तो दोष गिटारचा नाही. फ्रेटच्या हिशोबात मेजर थर्ड ४०० सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), शुद्ध गांधार ३८६ चा. तानपुऱ्यावर कान तयार झालेल्यांना हे जास्तच टोचतं. त्यासाठी तिसरी तार उतरवलीत, तर जी मेजर बिघडेल. मी ती ट्यूनरवरच ठेवतो.

राहिली सहावी. तिचं सॅडल अजून मागे हवंय, पण स्प्रिंग पूर्ण दबलीय. स्प्रिंगचे दोन वेढे कापून बघणार आहे. वरच्या फ्रेटवर तिचा सूर डुगडुगतो, म्हणून त्या बाजूने पिकअपही (तारांखालचा, आवाज टिपणारा चुंबकी भाग) खाली घेतोय. चुंबक तारेला ओढत असणार.