तुम्ही विचारलंत म्हणून: मार्क्सवाला का गांधीवाला?

पानठेल्यावर उभा राहिलो की कोणी ना कोणी विचारतेच, "काहो भाऊ, एवढं वाचता तं तुम्ही कोणाचे, मार्क्सचे का गांधीचे?" मी वर्धा जिल्ह्यातला कास्तकार, म्हणून लोकं गांधीच धरून चालतात. पण मला सगळ्यात जास्त पटले ते बाबासाहेब, आणि तेही घटनावाले नाही, १९१८ चे.

त्या वर्षी त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर एक लेख लिहिला. तेव्हा बोलबाला होता की तुकडे जोडा म्हणजे शेती सुधरते, आणि हे म्हणतात की वावर लहान का मोठं हे नुसत्या एकरावर ठरतच नाही, त्यावर लावायला बैल-अवजारं-पैसा किती अन् राबणारे किती यावर ठरते. दुसरं कामच नाही म्हणून सगळे शेतीला चिकटले, तर आधी उद्योगधंदे वाढवा.

आमचं काय, आजोबाचे १८ एकर, तीन भावांत सहा-सहा, मग आम्ही दोघं तं तीन-तीन, अन् विहीर गेली भावाच्या हिश्शात. मी कित्येक वर्षं हेच म्हणत होतो की हिस्से झाले म्हणून वाटोळं झालं. पण गावात एक २० एकरवाला आहे, त्याचीही पऱ्हाटी (कापूस) कोरडवाहू, तोही माझ्यासारखाच उसनवारीवर पेरते.

आता मार्क्स काहून नाही? त्याचा मालक वेगळा अन् मजूर वेगळा. मी कापूस वेचायला मजूर लावतो आणि नंतर मीच दुसऱ्याच्या वावरात चणा सोंगायला जातो, तं मी कोणत्या बाजूचा?

गांधींकडचे अर्थतज्ज्ञ कुमारप्पा मात्र सोडवत नाहीत. १९३४ मध्ये ग्रामोद्योग संघ निघाला, मग वर्ध्यातच मगनवाडीत बसून ते सांगत राहिले की कामच गावात आणा, तेलघाणी, हातकागद वगैरे. दुखणं तेच, रिकामे हात, औषध मात्र उलटं. मनाला पटते, पण घाणीच्या तेलाचा भाव ऐकून आमची बायकोच पाकीटबंद तेल घेऊन येते. आणि शेतकरी संघटनेचे शरद जोशी म्हणायचे तसा मालाला भाव मिळाला असता तर बैल-अवजारांना पैसा आपोआपच आला असता, हे राहतेच.

बाबासाहेबांचं औषध आमच्या घरात लागू पडलं म्हणा, पुतण्या बुटीबोरीला एमआयडीसीत लागला, चांगला पगार आहे. मागच्या पोळ्याला घरी आला, चहा पण झाला नव्हता अन् पहिलं काय विचारते, "काका, बांध सरकवला का तुम्ही?"