ट्रेलरचे पाच टायर : वजनाच्या चिठ्ठीपासून तेहाचापीच्या घाटापर्यंत

मागच्या नोंदीत माझ्या राहत्या ट्रेलरच्या छताची गळती बंद झाल्याचे कळवले होते. त्यानंतर पाण्याच्या टाकीचे काम हाती घ्यायचे ठरले होते, परंतु मार्चमधील दुसऱ्या शनिवारी ट्रेलर धूत असताना डाव्या बाजूच्या पुढच्या चाकावर हात थांबला आणि तेव्हापासूनचे काही आठवडे टायरांनाच द्यावे लागले. ज्यांच्याकडे दोन अ‍ॅक्सलचा, चार टनांच्या आसपासचा ट्रेलर आहे, त्यांना या कामातील आकडे उपयोगी पडतील म्हणून ते सविस्तर लिहून ठेवत आहे.

टायरच्या नक्षीवरून तळहात फिरवताना एका जागी, साधारण चार बोटांच्या रुंदीत, रबर किंचित वर आलेले लागले. डोळ्यांना काहीच दिसत नव्हते. खाचा अजून ६/३२ इंच खोल होत्या, बाजूंना तडे नव्हते, हवाही बरोबर होती. चाक जॅकवर उचलले, एक लाकडी पट्टी टायरपासून काडेपेटीतील काडीच्या जाडीइतक्या अंतरावर घट्ट बसवली आणि चाक हाताने सावकाश फिरवले. जवळजवळ पूर्ण फेरा होईपर्यंत फट सारखी राहिली आणि मग ते टेंगूळ पट्टीला घासून गेले. आतले पोलादी तारांचे पट्टे एकमेकांपासून सुटू लागल्याची ही खूण आहे. असा टायर वेगात असताना वरचा थर सोलून टाकतो आणि तो थर चाकावरचा पत्रा, फरशीखालची वायरिंग, प्रसंगी गॅसची नळीसुद्धा ओरबाडून नेतो. त्या दिवसापासून ट्रेलर जागेवरून हलवला नाही.

टायरच्या वयाचा आकडा वाचण्यासाठी ट्रेलरखाली आडवे व्हावे लागले, कारण तारखेसह पूर्ण डीओटी क्रमांक (अमेरिकेच्या वाहतूक खात्याने ठरवलेला टायरचा ओळख क्रमांक) टायरच्या एकाच बाजूवर असतो आणि माझ्या चारही चाकांत ती बाजू आत गेली होती. शेवटचे चार अंक १२१९ होते, म्हणजे २०१९ सालचा बारावा आठवडा. सहा वर्षे पूर्ण होत आली होती. ट्रेलरचे टायर क्वचितच झिजून संपतात; ते उन्हाने, उभे राहून आणि वयाने संपतात, म्हणून नक्षी कितीही शिल्लक असली तरी पाच वर्षांनंतर ते बदलण्याचा विचार करावा, असे माझे आता ठाम मत झाले आहे. स्टेपनीचा क्रमांकही तोच निघाला. ती एकदाही रस्त्याला लागलेली नव्हती, तरी रबराचे वय तेवढेच.

तरीही चारांपैकी नेमका हाच टायर का गेला, या प्रश्नाचे उत्तर गेल्या ऑक्टोबरमधील वजनाच्या चिठ्ठीत सापडले. तेव्हा एका मेळाव्यात प्रत्येक चाकाखाली वेगळा काटा ठेवून ट्रेलरचे वजन करून दिले होते आणि मी त्यातील फक्त बेरीज पाहून समाधान मानले होते. ती ८,४६० पौंड, म्हणजे सुमारे ३,८४० किलो होती. चार टायरांची एकत्रित क्षमता १०,१६० पौंड असल्यामुळे काळजीचे कारण दिसले नाही. आता तीच चिठ्ठी चाकाचाकाने वाचली : डावे पुढचे २,३९०, डावे मागचे २,२७०, उजवे पुढचे १,९६०, उजवे मागचे १,८४०. स्वयंपाकघर, फ्रिज आणि बाहेर सरकणारी खोली हे सगळे डावीकडे आहे, त्याचा हा परिणाम.

जुने टायर एसटी २२५/७५आर१५, लोड रेंज डी (भार सोसण्याची श्रेणी; सी, डी, ई अशी वाढत जाते) होते. ६५ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, हवेच्या दाबाचे माप) हवेवर प्रत्येकी २,५४० पौंडांचे. (एसटी म्हणजे स्पेशल ट्रेलर, केवळ ओढल्या जाणाऱ्या गाड्यांसाठी बनवलेला टायर.) ट्रेलरच्या उत्पादकाने ४,४०० पौंडांच्या अ‍ॅक्सलचे दोन समान भाग धरून प्रत्येक चाकावर २,२०० पौंड मोजले असणार, आणि त्या हिशोबाने टायरला ३४० पौंडांचा वाव राहतो. कागदावर हे योग्यच आहे. प्रत्यक्षात माझ्या डाव्या पुढच्या टायरला १५० पौंडच उरले होते, म्हणजे तो क्षमतेच्या ९४ टक्क्यांवर सहा वर्षे चालला.

त्यात दोन अ‍ॅक्सलच्या रचनेची भर पडते. दोन्ही अ‍ॅक्सल समांतर आणि एकमेकांजवळ असल्यामुळे तीव्र वळणावर चारही चाकांना आपापल्या मार्गाने वळता येत नाही. टायर आडवे ओढले जातात, जमिनीला चिकटलेला भाग एकीकडे आणि रिम दुसरीकडे जाते, आणि तो सगळा पीळ आतल्या पोलादी पट्ट्यांमधल्या रबरावर येतो. जागेवर ट्रेलर मागे घेताना बाजूला उभे राहून पाहा, टायरचा पोट असलेला भाग कसा तिरका होतो ते स्पष्ट दिसते. वजनाचा वाव जितका जास्त, तितका हा पीळ टायरला सोसतो. म्हणून निवडीचा आधार कंपनीचे नाव नसून सर्वांत जड चाकाचा आकडा असला पाहिजे, एवढे पक्के झाले.

पर्याय तीन होते. पिकअपला बसणारे एलटी (लाइट ट्रक) टायर अनेकांना अधिक विश्वासाचे वाटतात आणि त्यांची बांधणी खरोखर चांगली असते, पण १५ इंची रिमवर एलटी २३५/७५आर१५ लोड रेंज सी केवळ १,९८५ पौंडांचा आहे, म्हणजे तो प्रश्नच मिटला. १६ इंची रिम घेऊन एलटी २२५/७५आर१६ लोड रेंज ई बसवला तर ८० पीएसआयवर २,६८० पौंड मिळतात. पाच रिमांचा खर्च करून वाढ १४० पौंडांची. दुसरा विचार एसटी २३५/८०आर१६ चा केला. ३,५२० पौंडांची क्षमता पाहून मोह झाला. मात्र त्याचा व्यास सुमारे ३०.८ इंच, जुन्याचा २८.३. माझ्या अ‍ॅक्सलमधील अंतर ३३ इंच आहे, त्यामुळे दोन चाकांतील मोकळी जागा ४.७ इंचांवरून २.२ इंचांवर आली असती आणि खड्ड्यात स्प्रिंग दबल्यावर टायर वरच्या पत्र्याला लागण्याची भीती होती. तो बेत सोडला.

शेवटी जुन्याच मापाचा, पण लोड रेंज ई असलेला गुडइयर एन्ड्युरन्स घेतला : ८० पीएसआयवर २,८३० पौंड, वेगाची श्रेणी एन, म्हणजे ताशी ८७ मैल. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या वाहनाला ५५ मैलांची मर्यादा आहे, त्यामुळे ती श्रेणी मला वेगासाठी नको होती. उष्णता सोसण्याची क्षमता तिच्यातून कळते, आणि फ्रेझ्नोच्या उन्हाळ्यात तापमान १०० अंश फॅरनहाइटच्या वर जाते तेव्हा तीच कामाला येते. सर्वांत जड चाक आता क्षमतेच्या ८४ टक्क्यांवर आले आहे.

टायर ८० पीएसआयचा घेतला म्हणून रिम ८० पीएसआय सोसेल असे होत नाही, हे मात्र आवर्जून सांगतो. रिमच्या मागील बाजूस २,८३० पौंडांचा ठसा मिळाला तेव्हाच मागणी नोंदवली. तो ठसा २,५४० चा असता तर नवे टायर घेऊनही वजनाची मर्यादा जुनीच राहिली असती. व्हॉल्व्हही बदलावे लागले. साधे रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतचे असतात. त्यांच्या जागी नटने आवळायचे धातूचे व्हॉल्व्ह बसवले, कारण त्यांवर हवेचा दाब दाखवणाऱ्या सेन्सरचे वजनही येणार आहे.

ट्रेलर स्टँडवर ठेवून पाचही चाके पिकअपमधून दुकानात नेली. एप्रिलच्या मध्यावर तेथे काढून ठेवलेल्या टायरांवर ०९२४ हा क्रमांक होता, म्हणजे ते तेरा-चौदा महिन्यांचे होते. पाच वर्षांच्या आयुष्यातील वर्षभर आपण वखारीला का द्यावे? ते मी नम्रपणे नाकारले. नऊ दिवसांनी दुसरे आले : चार ०६२५ चे आणि एक ०८२५ चा. रिमवर चढवण्यापूर्वी क्रमांक स्वतः वाचावेत, नंतर हुज्जत घालून उपयोग होत नाही.

घरी चाके बसवताना नट ताऱ्याच्या क्रमाने (एकामागोमाग समोरासमोरचे) तीन टप्प्यांत आवळले : आधी २५, मग ५५, शेवटी ११० फूट-पौंड. ॲल्युमिनियमच्या रिमा बसल्यावर थोड्या दबतात, म्हणून १०, २५ आणि ५० मैलांनंतर पुन्हा तपासले. दहा मैलांवर दोन नट जवळजवळ पाव फेरा फिरले. पन्नासाव्या मैलावर एकही हलला नाही.

चाचणीसाठी हायवे ९९ ने बेकर्सफील्ड आणि तेथून हायवे ५८ ने तेहाचापीचा घाट चढून मोहावेपर्यंत गेलो. पहाटे ऊन पडण्याआधी चारही टायरांत ८० पीएसआय होते. घाट चढून वर आल्यावर सावलीकडच्या बाजूला ८७, उन्हाकडच्या बाजूला ८९. एवढी वाढ अपेक्षितच असते आणि गरम टायरमधली हवा कधीही सोडू नये, कारण दुसऱ्या सकाळी तो टायर कमी हवेवर उभा असतो. थांब्यावर प्रत्येक चाकावर तळहात ठेवून पाहिले. डावे पुढचे इतरांपेक्षा वेगळे लागले नाही.

अवजारांची पेटी, जॅक आणि बिडाची भांडी आता उजव्या बाजूच्या कप्प्यात हलवली आहेत. बिशप या गावाच्या प्रवासाआधी चाकनिहाय वजन पुन्हा करून घ्यायचे आहे. ते चार आकडे पुढील नोंदीत देईन.