बियांपासून अ‍ॅलो: केपटाउनमधील कोरड्या बागेचा माझा अनुभव

केपटाउनमध्ये १ फेब्रुवारी २०१८ पासून माणशी दिवसाला ५० लिटर पाण्याची मर्यादा लागू झाली, तेव्हा आमच्या अंगणातील हिरवळ कधीच पिवळी पडलेली होती आणि नळाचे पाणी बागेला घालण्यास बंदी असल्यामुळे ती वाचण्याची आशाही उरली नव्हती. ती काढून टाकून तेथे याच देशातील अ‍ॅलो, म्हणजे आपल्या कोरफडीचे भाऊबंद, लावावेत, असे आम्ही ठरवले. अंगण मोठे आणि रोपवाटिकेतील वाढलेली झाडे महाग, म्हणून मी बियांचा मार्ग धरला.

सांगलीला आमच्या परसात कोरफड होती, पण ती बियांपासून वाढवल्याचे मी कधी पाहिले नव्हते. मुळाशी आलेली पिल्ले काढून दुसऱ्या कुंडीत खोचली की काम झाले. येथील ‘अ‍ॅलो फेरॉक्स’ मात्र एकाच खोडाने सरळ वाढतो आणि पिल्ले देत नाही. शिवाय एकट्या झाडाला स्वतःच्या परागांवर बी जवळजवळ धरतच नाही. सुदैवाने शेजारच्या आजींच्या कुंपणाजवळ अशी तीन झाडे होती आणि हिवाळ्यात, म्हणजे येथे जून ते ऑगस्टमध्ये, त्यांच्या फुलांवर शिंजीर पक्ष्यांची सतत ये-जा असे. ऑक्टोबरमध्ये बोंडे तपकिरी होऊन टोकाशी उकलू लागली, तेव्हा आजींनी ती लगेच तोडून कागदी पिशवीत ठेवण्यास सांगितले, कारण एकदा ती पूर्ण उघडली की वाऱ्याने बी कोठल्या कोठे जाते. हातावर घेतलेले ते बी गडद करडे, कोनदार, आणि कडेला कांद्याच्या सालीसारखा पातळ पापुद्रा असलेले होते.

पहिली पेरणी मी अतिकाळजीने बिघडवली. बागेतील मातीत कंपोस्ट मिसळून चाळीस बिया पेरल्या, ट्रेवर प्लॅस्टिकचे झाकण ठेवले आणि रोज फवारणी केली. दहाव्या दिवसापासून गवताच्या काडीसारखे हिरवे कोंब दिसू लागले, तेव्हा झाकण काढायला हवे होते. बाहेर एवढा कोरडा वारा असताना कोवळ्या रोपांना ओलावा द्यावा या विचाराने मी ते तसेच ठेवले. आठवड्याभरात मातीवर कापसासारखी पांढरी बुरशी पसरली आणि रोपे बुंध्याशी पाणचट होऊन एकेक आडवी झाली. सारे शहर पाणी जपून वापरत असताना माझी रोपे पाणी जास्त झाल्यामुळे मेली, याची मला फार लाज वाटली.

राखून ठेवलेले बी मी नोव्हेंबरात पेरले. या वेळी तीन भाग जाड नदीची रेती आणि एक भाग चाळलेले कंपोस्ट घेऊन त्या मिश्रणावर उकळते पाणी ओतले आणि ते निवल्यावर बी पसरून वरून ते जेमतेम झाकेल एवढीच रेती भुरभुरली. पाणी वरून न घालता ट्रे उथळ परातीत ठेवून खालून शोषू दिले आणि पहिले कोंब दिसताच झाकण काढले. आंघोळीचे साबणाचे पाणी आम्ही मोठ्या झुडपांना घालत असू. रोपांसाठी मात्र पिंपात साठवलेले पावसाचेच पाणी वापरले. पुढे पाणी केव्हा द्यायचे हे मी दिवस मोजून ठरवणे सोडले आणि पान दोन बोटांत हलकेच दाबून पाहू लागले: ते टणक असेल तर थांबायचे, किंचित मऊ लागले तर परात भरायची.

रोपांची पाने सुरुवातीला दोनच ओळींत, पंख्यासारखी येतात. त्यांची गोलाकार मांडणी बरीच पुढे होते. सहा महिन्यांनी ती वेगळ्या कुंड्यांत हलवली. पहिला उन्हाळा जाळीच्या सावलीत काढला, तर हिवाळ्यात रात्री विजेरी घेऊन गोगलगायी वेचल्या.

जमिनीत लागवड केली ती मे २०२० मध्ये. येथील पाऊस हिवाळी असल्यामुळे त्या सुमारास लावलेले झाड आकाशाच्या पाण्यावरच मूळ धरते. रेताड मातीचे उंचवटे करून त्यांवर बावीस रोपे लावली. पाणी बुंध्याशी साचू नये, एवढाच त्यामागे हेतू होता. त्यांपैकी सतरा जगली, आणि दुसऱ्या उन्हाळ्यानंतर मी त्यांना हाताने पाणी घातलेले नाही.

जून २०२४ मध्ये पहिली फुले आली. एक झाड मात्र आधीपासूनच वेगळे दिसत होते: बुंध्याशी फांद्या फुटलेल्या, पाने अरुंद. आजींनी ते पाहताच आपल्या फाटकाजवळच्या फांद्या फुटणाऱ्या ‘अ‍ॅलो आर्बोरेसन्स’कडे बोट दाखवले. बागेत दोन जाती एकाच वेळी फुलल्या की शिंजीर पराग इकडचे तिकडे नेतात आणि बी संकरित निघते. शुद्ध फेरॉक्स हवा असल्यास फुलांवर जाळीची पिशवी बांधून हाताने परागण करावे लागते. मी ते केलेले नाही, आणि त्या संकरित झाडाचीच एक फांदी आजींनी आपल्या अंगणात लावण्यासाठी मागून नेली.