तुम्ही विचारलंत म्हणून : कुंपण घातले की फुलपाखरू वाचते का?

दुर्मीळ फुलपाखरू वाचवायचे तर त्याच्या जागेला कुंपण घालून माणसे आणि गुरे बाहेर ठेवली की पुरे नाही का, असे मला वाचक नेहमी विचारतात. पुरत नाही, उलट त्यानेच घात होऊ शकतो, हे इंग्लंडमधल्या ‘लार्ज ब्लू’ने दाखवून दिले आहे. नावात ‘लार्ज’ असले तरी पंख पसरून हे निळे, काळ्या ठिपक्यांचे फुलपाखरू दीड-दोन इंचच भरते.

मादी रानथाइम या छोट्या सुगंधी वनस्पतीच्या कळ्यांवर अंडी घालते. अळी दोन-तीन आठवडे ती फुले खाते आणि मग जमिनीवर उतरून थांबून राहते. ‘मिर्मिका’ गटातली लाल मुंगी येते, अळीच्या अंगातून पाझरणारा गोड थेंब चाटते. मग अळी अंग असे फुगवून ताठ करते, की मुंगी तिला स्वतःचेच पिल्लू समजून उचलून घरी नेते. तिथे राणीमुंगीसारखे आवाज काढत ही पाहुणी पुढचे सुमारे दहा महिने यजमानांचीच पिल्ले फस्त करते.

मात्र यजमान कोणतीही मुंगी चालत नाही. १९७०च्या दशकात कीटकशास्त्रज्ञ जेरेमी थॉमस यांनी दाखवून दिले, की अळी चांगली जगते ती या गटातल्या ‘मिर्मिका सॅब्युलेटी’ या एकाच जातीच्या घरात, आणि या मुंगीला उन्हाने तापलेली जमीन, म्हणजे दोन-तीन सेंटीमीटरचे खुरटे गवत लागते. गवत थोडे वाढले तरी माती थंडावते आणि दुसऱ्या मुंग्या जागा बळकावतात. त्याआधी सारा दोष फुलपाखरे पकडणाऱ्या छांदिष्टांना दिला जाई. त्यांना अडवण्यासाठी घातलेल्या कुंपणाने चरणारी जनावरेही अडली. त्यातच १९५३ मध्ये आलेल्या मिक्सोमॅटोसिस या सशांच्या साथीच्या रोगाने गवत खुरटे ठेवणारे ससे मारले. थाइम फुलत राहिले, फुलपाखरू मात्र १९७९ मध्ये ब्रिटनमधून नाहीसे झाले. कारण उमगले तेव्हा वेळ निघून गेली होती, याची मला आजही हळहळ वाटते.

१९८३ पासून स्वीडनहून आणलेल्या फुलपाखरांची पैदास तिथे पुन्हा सुरू झाली, पण आधी कुरणांत गुरे सोडून गवत आणि मुंग्या जागेवर आणाव्या लागल्या. ग्लॉस्टरशायरच्या रॉडबरो कॉमनवर २०१९ मध्ये सुमारे ११०० अळ्या सोडल्या आणि पुढच्या उन्हाळ्यात सुमारे ७५० फुलपाखरे उडाली. त्या माळावर गावकऱ्यांची गुरे आजही चरतात.