जुन्या कॅराव्हॅनला आतून कोणता पत्रा लावावा

दुकानात पहिला प्रश्न येतो, "किती गेज?" गेज म्हणजे जाडीचा क्रमांक. याचं उत्तर गेजमध्ये न देता मिलिमीटरमध्ये द्या. आपल्याकडच्या तक्त्यात २० गेज म्हणजे ०.९१ मिमी, अमेरिकन तक्त्यात तेच २० गेज ०.८१ मिमी. जुन्या ट्रेलरवरची बहुतेक माहिती अमेरिकेतली, त्यामुळे घोळ होतोच. तिकडे जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. एअरस्ट्रीम या अमेरिकन ट्रेलरचा बाहेरचा पत्रा ०.०३२ इंची, म्हणजे ०.८१ मिमी. आतल्या भिंतींनाही ०.८ मिमी पुरतो. १ मिमीने मजबुती वाढते, पण वजनही पाव पटीने वाढतं. ०.६ मिमी छताला चालवतात, भिंतीला मात्र पाठ टेकली की तो टणटणतो.

पत्रा किलोवर मिळतो, तेव्हा काट्याचा उपयोग करून घ्या. ८ बाय ४ फुटांचा ०.८ मिमी पत्रा ६.४ किलोच्या आसपास भरला पाहिजे. ५.६ भरला तर तो ०.७ मिमी आहे, दुकानदार काहीही म्हणो. मायक्रोमीटर असेल तर कडेला न मोजता थोडं आत मोजा, कापलेल्या कडेला बर, म्हणजे धातूची उठलेली धार असते.

जाडीपेक्षा जास्त फसगत मिश्रधातूत होते. नुसता "ॲल्युमिनियम पत्रा" मागितला तर बहुधा ११०० किंवा १०५० क्रमांकाचा हातात येतो. हे जवळजवळ शुद्ध ॲल्युमिनियम, मऊ. डब्याचा कोपरा लागला तरी पोचा पडतो. भिंतीला ३००३-एच१४ किंवा ५०५२-एच३२ मागा (पहिला आकडा मिश्रधातूचा, पुढची खूण टेंपरची, म्हणजे कडकपणाची). ५०५२ मध्ये अडीच टक्क्यांच्या आसपास मॅग्नेशियम असतं, त्यामुळे तो चिवट. कमरेखालच्या भिंती, दार आणि ओट्यामागची बाजू यांना तोच घ्यावा. वरच्या भागाला आणि छताला ३००३ पुरे, शिवाय वळवायला सोपा. ६०६१-टी६ "सगळ्यात भारी" म्हणून गळ्यात मारतात, पण तो घट्ट दुमडला की घडीवर तडकतो. भिंतीला त्याची गरजच नाही. दोन बाजूंनी गोल वळणारे कोपरे असतील तर तेवढ्यापुरता ओ टेंपरचा मऊ पत्रा घ्या. घडी नेहमी पत्र्याच्या रोलिंगच्या रेघांना आडवी घाला, रेघांच्या दिशेने घातली तर ती लवकर फाटते.

आता मराठवाड्यातला खरा प्रश्न, ऊन. मे महिन्यात बाहेर ४२ अंश असताना उन्हात बंद उभ्या गाडीचा पत्रा ६० च्या पुढे जातो. जानेवारीच्या पहाटे तोच १० वर येतो. ॲल्युमिनियम दर मीटरला दर अंशाला ०.०२३ मिमी वाढतं. म्हणजे ५० अंशांच्या फरकाला ८ फुटी पत्रा २.८ मिमी लांबतो. लोखंडी चौकोनी पाइपची फ्रेम तेवढ्याच लांबीत दीड मिमीच वाढते. उरलेला १.३ मिमी जाणार कुठे? पत्र्याला पोट सुटतं. हिशेब बघण्यासारखा आहे: ४०० मिमीवर उभे पाइप असतील तर एका खणाच्या वाट्याला ०.२ मिमी जादा लांबी येते, आणि एवढ्याशा लांबीने फुगवटा ५ मिमीच्या पुढे जातो. रिव्हेट वाढवून हा फुगवटा बसत नाही.

म्हणून पत्रा आडवा न लावता उभा लावा, म्हणजे दर ४ फुटांवर सांधा येतो. मधल्या पाइपावर घट्ट रिव्हेट मारा, कडेच्या पाइपांवर ३.२ मिमी रिव्हेटला पत्र्यात ४ मिमीचं भोक आणि मोठ्या टोपीची रिव्हेट वापरा. दोन पत्र्यांमध्ये २ मिमी फट सोडा आणि ती ॲल्युमिनियम पट्टीने झाका. पट्टी एकाच बाजूच्या पत्र्यावर पक्की करा, दोन्हीकडे पक्की केलीत तर फट सोडून उपयोग शून्य. काम पहाटेच्या थंडीत करू नका. ऊन चढल्यावर, पत्रा ३५ अंशांच्या आसपास असताना लावलेला बरा, मग पुढे थंडी पडली की तो ताणला जातो आणि ताणलेला पत्रा सरळ दिसतो. मागे ग्लासवूल कोंबून भरलं तरी पोट येतं, ते मोकळंच राहू द्या. पत्र्याच्या पाठीला ५ मिमी फोम चिकटवला की डब्यासारखा आवाजही मरतो.

रिव्हेटची लांबी अशी काढा: जोडायच्या सगळ्या थरांची जाडी, अधिक रिव्हेटच्या व्यासाची दीडपट. ०.८ चा पत्रा, ०.८ ची पट्टी आणि १.५ मिमी पाइप मिळून ३.१, त्यात ४.८ मिळवले की ८ मिमी. भोक कडेपासून निदान ७ मिमी आत हवं. सांध्यावर ७५ मिमीला एक, मधल्या पाइपावर १५० मिमीला एक. आधी चारही कोपरे तात्पुरत्या स्क्रूने धरा, मग मधून कडेकडे या. कडेकडून मध्ये आलात की सगळा ढिलेपणा मध्ये साचतो. एसटीच्या चिकलठाण्याच्या कार्यशाळेत ॲल्युमिनियम बॉडीच्या गाड्या बांधल्या गेल्या आहेत. तसं काम केलेला बॉडीवाला मिळाला तर फर्निचरवाल्याच्या नादी लागू नका.

लोखंडी पाइप आणि ॲल्युमिनियम एकमेकांना उघडे टेकू देऊ नका. ओल मिळाली की सांध्यात ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होते. पाइपला प्रायमर मारा आणि वर ३ मिमी फोम टेप लावा. रिव्हेटची लांबी काढताना दबलेल्या टेपची जाडीही थरांत धरा. या टेपने बाहेरची उष्णता पाइपातून थेट आत येणंही कमी होतं.

फिनिशचं थोडक्यात. आरशासारखा पत्रा फोटोत छान दिसतो, पण बोअरच्या जड पाण्याचा प्रत्येक थेंब त्यावर पांढरा डाग ठेवतो. स्टुको एम्बॉस, म्हणजे बारीक खडबडीत नक्षी उठवलेल्या पत्र्यात ओरखडे आणि लहान लाटा लपतात, माझी पसंती त्यालाच. साधा पत्रा रंगवायचा असेल तर स्कॉचब्राइटने घासा आणि एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला घट्ट धरणारा प्रायमर मारा. स्टील वूल नको, त्याचे कण अडकून गंजतात. वरची प्लॅस्टिक फिल्म काम संपल्यावर लगेच काढा, उन्हात भाजली की तिचा गोंद निघता निघत नाही. एसीपी (दोन पातळ ॲल्युमिनियम पत्र्यांमध्ये भरण असलेलं पॅनेल) स्वस्त आणि सपाट असतं खरं, पण साध्या एसीपीच्या पोटात पॉलिथिन असतं आणि ते जळतं. शेगडी असलेल्या गाडीत ते नको.

१४ फूट लांब, साडेसहा फूट रुंद आणि सव्वासहा फूट उंच गाडीच्या भिंती व छत मिळून ३४७ चौरस फूट होतात. खिडक्या वजा करू नका, ते तुकडे क्वचितच कामी येतात. १५ टक्के तूट धरून १३ पत्रे लागतात, ०.८ मिमीचे साधारण ८४ किलो. १ मिमी घेतला तर २० किलोंहून जास्त भर पडते.

पत्रा मागवण्याआधी वायरिंग उरकून घ्या. वायर पाइपातून जाते तिथे रबरी ग्रोमेट बसवा, आणि रिव्हेटच्या रेषेपासून तिला लांब ठेवा, पाठीमागे गेलेला ड्रिल बिट दिसत नाही. बाहेरून २३० व्होल्ट घेणार असाल तर सगळे पत्रे आणि फ्रेम अर्थिंगला जोडा आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लावा. प्रायमर आणि फोम टेपमुळे पत्रा फ्रेमपासून अलग पडतो, तेव्हा प्रत्येक पत्र्याला अर्थची वेगळी वायर द्या आणि मल्टिमीटरने एकेक तपासा.