ट्रॅफिक निम्मं झालं, आणि दोष द्यायला कारण तयारच होतं

२०१५ पासून मी शिलाई मशीनच्या दुरुस्तीवर एक वेबसाइट चालवतो. दोरा का तुटतो, सुई का वाकते, मशीन मध्येच जड का होतं, एवढाच विषय. येणाऱ्या दहा वाचकांपैकी आठ जण सर्च इंजिनातून येतात. साइटचा पत्ता लक्षात ठेवून थेट येणारा वाचक विरळाच. म्हणजे घर माझं, पण घराकडे येणारा रस्ता दुसऱ्याच्या मालकीचा. हे माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि झळ लागणं वेगळं.

५ मार्च २०२४ ला गूगलने रँकिंगच्या निकषांत मोठा बदल सुरू केला. असे बदल बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत आटोपतात. हा १९ एप्रिलपर्यंत, तब्बल ४५ दिवस चालला. त्याच काळात माझा आलेख उतरत गेला. एका दिवसात आपटला असता तर काहीतरी मोडलंय अशी शंका तरी आली असती. तो रोज थोडा थोडा झिजत होता. एप्रिलअखेर रोजचे क्लिक निम्म्याच्या खाली गेले.

मला कारण शोधावंच लागलं नाही, ते आयतं समोर होतं. जो तो आपापली साइट बुडाल्याचं सांगत होता. सगळ्यांबरोबर बुडण्यात एक प्रकारचं समाधान असतं: आपलं काही चुकलं नाही, काळच वाईट. त्या समाधानात मी तीन आठवडे काढले.

आधीचे बदल मी पाहिले होते, पण ते वेगळ्या जातीचे. साइट सुरू केली त्याच वर्षी एप्रिलमध्ये मोबाइलवर नीट न दिसणारी पानं मोबाइलवरच्या शोधात मागे पडू लागली. थीम, म्हणजे साइटच्या दिसण्याचा साचा, बदलली, काम झालं. पुढे २०२१ मध्ये पानाच्या वेगाचे आणि स्थिरतेचे निकष आले, तेही आकड्यांत मोजता येणारे: पानावरचा मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, मजकूर उड्या मारण्याचं माप ०.१ च्या आत असावं. माझी पानं उड्या मारायची, कारण फोटोंना लांबी-रुंदी दिलेलीच नव्हती. फोटो उतरला की खालचा परिच्छेद झपकन खाली सरकायचा आणि वाचणाऱ्याचं बोट भलत्याच ठिकाणी पडायचं. दोन रविवार बसून ते निस्तरलं. त्याने रँक तसूभरही हलली नाही, पण पान वाचवेना अशी तक्रार करणाऱ्या ईमेल थांबल्या.

हा बदल मात्र तसा नव्हता. अशा मोठ्या बदलाला ‘कोअर अपडेट’ म्हणतात, आणि त्यात तपासायची यादीच नसते. २०१९ मध्ये गूगलने ते समजावताना सिनेमांच्या यादीचं उदाहरण दिलं होतं. तुम्ही २०१५ मध्ये शंभर उत्तम सिनेमांची यादी केलीत आणि २०१९ मध्ये ती नव्याने केलीत, तर काही सिनेमे खाली जातील. म्हणून ते वाईट झाले असं नाही. पटण्यासारखं आहे. पण खाली गेलेल्या सिनेमाच्या निर्मात्याने सकाळी उठून नेमकं काय करायचं, हे त्यातून कळत नाही.

मग जे सगळे करतात ते केलं: एक सल्लागार गाठला. त्याने दहा मिनिटांत निदान केलं. “सर, तुमचे लेख छोटे आहेत. प्रत्येक लेख किमान दोन हजार शब्दांचा करा, सगळ्या लेखांच्या तारखा ताज्या करा, आणि बॅकलिंकचं, म्हणजे दुसऱ्या साइटवरून तुमच्याकडे येणाऱ्या लिंकांचं, आम्ही बघतो.” मी पैसे देणारही होतो. सुदैवाने त्याआधी गूगलचं लिखित मार्गदर्शन वाचायला घेतलं. त्यात शब्दसंख्येबद्दल सरळ लिहिलंय की अशी कुठलीही पसंतीची संख्या नाही. आणि मजकूर फारसा न बदलता फक्त तारीख बदलणं हे शोधाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिण्याच्या लक्षणांत मोजलेलं आहे. उरली बॅकलिंकची गोष्ट. तर विकत घेतलेल्या लिंकांवर बडगा २०१२ मध्येच ‘पेंग्विन’ नावाच्या बदलाने उगारला होता. सल्लागार तेव्हा शाळेत असावा.

खरी वाट दाखवली ती एका मित्राने. तो असल्या आकडेवारीतच दिवस काढतो. मी त्याला आलेख पाठवला, त्यावर त्याचं एका ओळीचं उत्तर आलं: “अरे, हा पूर्ण साइटचा आलेख आहे, याच्याकडे बघून काय कळणार? पानांचे गट पाड आणि प्रत्येकाचा वेगळा काढ.”

सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात क्लिक, इम्प्रेशन (पान शोधात किती वेळा दिसलं) आणि सरासरी स्थान असे आकडे मिळतात, आणि दोन कालखंड शेजारी ठेवता येतात. मी आदल्या वर्षीचा तोच काळ घेतला, कारण सुट्ट्यांच्या दिवसांत माझ्याकडे तसेही वाचक कमी असतात. एक गोष्ट मला चक्रावून गेली. क्लिक निम्मे झाले होते, पण पूर्ण साइटचं सरासरी स्थान मात्र ११ वरून ८ वर, म्हणजे सुधारलेलं दिसत होतं. हे कसं? तासाभराने डोक्यात प्रकाश पडला. शोधात जी पानं दिसायचीच बंद होतात, ती सरासरीतही धरली जात नाहीत. वर्गातली मागच्या बाकावरची मुलं गैरहजर राहिली की वर्गाची सरासरी वाढते, तसं.

दिसायची बंद होतात. हे शब्द मनात आले आणि पोटात गोळा आला.

माझ्या ३४० पानांपैकी ११० पानं मॉडेलनिहाय आहेत: अमुक मॉडेलला कुठली बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची रीळ, बसते, पट्टा किती लांबीचा लागतो, तेल कुठे सोडायचं. प्रत्येक पानाला वाचक थोडेच, पण सगळी मिळून साइटचा कणा. या गटाचा वेगळा आलेख काढला, तर इम्प्रेशन जवळजवळ शून्यावर. निकष कितीही बदलले तरी जुन्या मॉडेलच्या पट्ट्याची लांबी विचारणाऱ्याला शंभराव्या स्थानावर तरी माझं पान दिसायला हवं होतं. इथे ते कुठेच नव्हतं. एक पान तपासणीला टाकलं. उत्तर आलं: इंडेक्समध्ये, म्हणजे गूगलच्या पानांच्या सूचीत, नाही, नोइंडेक्स टॅगमुळे वगळलं.

नोइंडेक्स म्हणजे ‘हे पान शोधात दाखवू नका’ अशी साइटच्या मालकाने स्वतः दिलेली सूचना. ती कोणी दिली होती? मीच. फेब्रुवारीत थीम बदलली तेव्हा या पानांवरचे तक्ते विस्कटले होते. ते नीट होईपर्यंत वाचकांना दिसू नयेत म्हणून मी प्लगइनमध्ये, म्हणजे साइटला जोडलेल्या एका छोट्या प्रोग्रामात, त्या गटापुढची ‘शोधात दाखवा’ ही खूण काढली होती, दोन दिवसांसाठी. तक्ते नीट झाले, खूण राहून गेली. सर्च इंजिनचा बॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा प्रोग्राम, सगळी पानं एका दिवशी वाचत नाही. जसजसा एकेका पानावर परत येत गेला, तसतसं एकेक गळत गेलं. म्हणून घसरण झिजल्यासारखी दिसली, आणि नेमकी मोठ्या बदलाच्या मुहूर्तावर. मी तीन आठवडे जगाच्या नावाने बोटं मोडत होतो आणि माझं घर मीच आतून कडी लावून बंद केलं होतं.

खूण परत केली, साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांची यादी, नव्याने पाठवला, अहवालात ‘दुरुस्ती तपासा’ दाबलं. पहिली पानं पाच-सहा दिवसांत परतली, शेवटची यायला दीड महिना गेला. कुठलाही अर्ज नाही, विनंती नाही.

पण यातून अर्धीच घसरण भरून निघाली. उरलेली अर्धी खरोखर गूगलकडच्या बदलांची होती, आणि तिचेही दोन तुकडे पडले.

पहिला तुकडा होता ‘नवशिक्यांसाठी दहा उत्तम मशीन’ छापाच्या २६ पानांचा. स्थान ३-४ वरून थेट १५ च्या पलीकडे. रागावून ती पाने उघडली, आणि वाचता वाचता राग ओसरला. त्या दहांपैकी सात मशीनना मी कधी हातही लावलेला नव्हता. माहितीपत्रकांतून उचलून लिहिलं होतं, कारण एके काळी ते चालायचं. डिसेंबर २०२२ मध्ये गूगलच्या गुणवत्तेच्या मार्गदर्शक तत्त्वांत ‘अनुभव’ हा शब्द जोडला गेला, तेव्हा मी तो वाचून मान डोलावली होती आणि सोडून दिला होता. २६ पैकी १९ पानं काढून टाकली. सात ठेवली, ज्यात मी उघडून पाहिलेलीच मशीन आहेत.

याच गटाशेजारी माझं लाडकं पान होतं: शिवताना खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं का होतं. तेही नवव्या स्थानावर घसरलेलं. याचं उत्तर दोन ओळींचं आहे. जाळं खाली दिसत असलं तरी बहुतेक वेळा दोष वरच्या दोऱ्याचा असतो. कापड दाबून धरणारा प्रेसर फूट खाली ठेवून दोरा ओवला की टेन्शनच्या, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या, चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यामध्ये बसतच नाही. फूट वर उचला, पुन्हा ओवा, झालं. पण माझ्या पानावर हे सातव्या परिच्छेदात होतं. त्याआधी शिलाई मशीनचा इतिहास, चांगल्या दोऱ्याचं महत्त्व आणि काय काय! वाचक हातात गुंतलेलं कापड धरून उभा, आणि मी त्याला इतिहास सांगतोय. उत्तर वर आणलं, उघड्या आणि मिटलेल्या चकत्यांचे माझ्या मशीनवरचे फोटो लावले, बाकीचं निम्मं उडवलं. सल्लागाराच्या हिशेबाने हे पान आता मरायला हवं.

ते लगेच वर आलं नाही. हे सोसणं सगळ्यात कठीण. स्पॅमसाठी माणसाने लावलेली शिक्षा असेल तर सुधारणा करून फेरविचाराची विनंती तरी करता येते. इथे शिक्षाच नव्हती, तर विनंती कशाची करणार? अशा सुधारणेची दखल पुढच्या मोठ्या बदलापर्यंत लांबू शकते. पुढचा आला १५ ऑगस्टला आणि ३ सप्टेंबरला पूर्ण झाला. जाळ्याचं पान चौथ्या स्थानावर आलं. सात याद्यांपैकी दोन वर आल्या, पाच अजून तळाशीच आहेत, आणि त्यांचं काय करावं हे मला सुचलेलं नाही.

दुसऱ्या तुकड्यावर मात्र इलाज सापडला नाही. ‘सुईचा नंबर कसा वाचायचा’ यासारख्या पानांचं स्थान तेच, इम्प्रेशनही तेवढेच, फक्त क्लिक गेले. कारण नव्वद म्हणजे ०.९ मिलिमीटर जाडीची सुई, एवढं उत्तर आता शोधाच्या पानावरच वर छापून येतं. वाचकाला पुढे यायचं कारणच उरत नाही. मी स्वतः शोधतो तेव्हा मीही पुढे जात नाही. अशी चाळीसेक पानं आहेत. ती ठेवली आहेत, त्यांच्याकडून अपेक्षा ठेवलेली नाही.

आज रोजचे क्लिक जुन्या आकड्याच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास आहेत. सर्च कन्सोल १६ महिन्यांमागचे आकडे ठेवत नाही, म्हणून दर महिन्याला गटवार आकडे उतरवून घेतो, आणि थीम किंवा प्लगइनला हात लावला की तारीख वहीत टिपतो. नोव्हेंबरमध्ये पुन्हा नवा बदल जाहीर झाला, तेव्हा मित्राचा मेसेज आला, “काय रे, बुडालास का?” मी आधी प्लगइन उघडून ११० पानांपुढची खूण पाहिली. जागेवर होती. मग त्याला लिहिलं, “थांब, अजून आलेख बघितलेला नाही.”